पाठीवर वार नाही

हौसाक्काला डुकराने फाडलं तेव्हा राखण्या तिच्यापासून चाळीस पावलांवर उभा होता आणि त्याने एकही गोळी झाडली नाही. भरदुपारी, डझनभर बायकांच्या देखत. डुकराने तिला मांडीपासून कमरेपर्यंत उघडलं आणि रानात पळून जायचं सोडून तिच्याच अंगाला अंग लावून उभं राहिलं. तिचं ओरडणं थांबलं तरी ते हललं नाही. बायकांनी ढेकळं मारली, खुरपी फेकून मारली. शेवटी पाराप्पाने ट्रॅक्टर अंगावर घातला आणि त्याला तिथंच चिरडलं. हौसाक्का त्याच्या आधीच गेली होती.

संध्याकाळी सगळं आंबेखोल माझ्या दारात. येणारच. गावाच्या शिवारावर नऊ राखणे आहेत, मचाणांवर बसवलेली बंदुकीची यंत्रं, आणि नऊच्या नऊ मी सांभाळते. भिंगं पुसायची, काडतुसांच्या पेट्या भरायच्या, मचाणाचे नटबोल्ट आवळायचे. चावी माझ्या गळ्यात असते, मंगळसूत्र काढलं त्या जागी.

"शालन, तुझं यंत्र झोपलं होतं काय?" दौलतराव म्हणाले. हे आमच्या राखण संस्थेचे अध्यक्ष. साधं पाणी मागितलं तरी भाषण केल्यासारखं वाटतं.

"बघते," म्हटलं. "आधी दारातनं बाजूला व्हा, मला शिडी काढू दे."

बघितलं. यंत्र ठणठणीत होतं. त्याने डुक्कर पाहिलं होतं, ओळखलं होतं, नेमही धरला होता. नोंदीत एकच ओळ सव्वीस वेळा उमटलेली: माणूस जवळ, गोळी रोखली.

हा तीस मीटरचा नियम यंत्राच्या पोटातच आहे. राखण्या दिवसरात्र शिवार बघतो. डुक्कर दिसलं की त्याची मान फिरते, तेव्हा मोटरची घरघर होते, मग गोळी सुटते. पण डुकराच्या तीस मीटरच्या आत माणूस असेल तर सुटत नाही. माणसाला लागू नये म्हणून. यात वाईट काय आहे? मला बारा वर्षांत काही वाईट दिसलं नव्हतं.

मला तर राखण्या देवासारखा होता, आणि त्याला कारण होतं. माझा नवरा महिपती पारधीत मेला. शिमग्यानंतरची गावपारध कायद्याने कधीच बंद झाली होती, गावाने केली नव्हती. पारधीचा म्होरक्या माझा बाप, आप्पा. त्यांच्या पारधीत एक नियम होता, त्यांच्या बापाच्या आणि आज्याच्या वेळेपासूनचा: पाठीवर वार नाही. रान उठवणाऱ्या हाकाऱ्यांच्या अंगावर येईल ते डुक्कर मारायचं, पाठ दाखवून पळेल ते जाऊ द्यायचं. का, तर आमच्यात असंच आहे. त्या दिवशी एक डुक्कर आप्पांच्या समोरून दहा पावलांवरून गेलं. पाठमोरं होतं म्हणून आप्पांनी बंदूक खाली केली. ते पुढं झुडपापर्यंत गेलं, वळलं, आणि कडेला उभ्या महिपतीच्या मांडीत सुळा घातला. मोठी शीर तुटली. मी पोचले तेव्हा माती ओली होती आणि तो पांढराफटक पडला होता. रेवा तेव्हा आठ वर्षांची होती.

त्याला चौदा वर्षं झाली. तेव्हापासून मी आप्पांशी बोलत नव्हते. राहत होतो एकाच घरात, कारण त्यांना दुसरं कोणी नव्हतं आणि माझा राग घराबाहेर काढता येईल असा नव्हता. "रेवा, तुझ्या आज्याला सांग, भाकरी वाढलीय." रेवा कोल्हापूरला शिकायला गेल्यावर मी भिंतीला सांगायची. भिंतीलाही सवय झाली होती. यंत्रं आली तेव्हा शिकायला पहिलं नाव मी दिलं आणि आप्पांची बंदूक मीच जमा करायला लावली. राखण्याला पाठ नाही, पोट नाही. दिसलं की मार. मला तेच हवं होतं.

रेवा प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती. हौसाक्काची बातमी ऐकून ती पुढच्या एसटीने आली आणि कोणाला काही न विचारता चिरडलेल्या डुकराकडे गेली. मादी होती, दिवस भरलेली, आणि अजून धुगधुगी होती. रेवाने आप्पांचा सुरा घेतला, पोट कापलं आणि हात घालून आठ पिल्लं काढली. चार मेलेली, चार जिवंत. गुडघ्यापर्यंत रक्तात बसून ती एकेकाच्या नाकातला चिकटा बोटाने काढत होती.

"ही घाण घरात आणायची नाही," मी म्हणाले.

"गोठ्यात ठेवते, आई."

ठेवली. बाटलीने गाईचं दूध पाजलं. आप्पा तिला बाटल्या धुऊन द्यायचे. दिवसभर ती माझ्याकडच्या जुन्या नोंदी बघत बसायची. बारा वर्षांची चित्रफीत, प्रत्येक गोळीची, प्रत्येक न झाडलेल्या गोळीची.

तीन आठवड्यांनी एका सकाळी तिने आम्हा दोघांना गोठ्यात बोलावलं. आप्पा एका दाराशी, मी दुसऱ्या. मध्ये पिल्लं पेंढ्यात खेळत होती. अंगावर पिवळे पट्टे, शेपटीची वळवळ. बघायला गोड, खोटं कशाला बोलू.

"ह्यांनी बाहेरचं जग बघितलेलं नाही," रेवा म्हणाली. "गोळी बघितली नाही. आई बघितली नाही. आता ऐका."

तिने मोबाईलवर राखण्याच्या मोटरची घरघर लावली.

तीन पिल्लं सुटली ती थेट आमच्या पायांत. एक रेवाच्या, एक आप्पांच्या, एक माझ्या. माझ्या दोन पोटऱ्यांच्या मध्ये डोकं खुपसून ते थरथरत उभं राहिलं. मी पाय झटकला तर आणखी घट्ट शिरलं आणि चावलं. लहान दात, पण रक्त आलं. आवाज बंद झाला तसं सैल होऊन पेंढ्यात गेलं.

चौथं पिल्लू उलट्या बाजूला पळालं होतं. पार कोपऱ्यात, भिंतीला तोंड लावून. आमच्याकडे पाठ.

"डुक्कर शहाणं झालं म्हणायचं," आप्पा म्हणाले.

"नाही आप्पा. शहाणं कोणी झालं नाही. एकाही डुकराने काही ठरवलं नाही, काही शिकलं नाही. पिल्लं सारखी नसतात. काही जास्त बुजरी, काही कमी. ते स्वभाव आईबापाकडून येतात. बारा वर्षांपूर्वी राखण्याचा आवाज आला की बहुतेक डुकरं रानाकडं पळायची. रानाच्या कडेला शंभर मीटर मोकळी पट्टी आहे, तिथं ती मरायची. एखादं गांगरून माणसांकडं पळायचं. तिथं राखण्या गप्प. ते जगायचं. पुढल्या वर्षीची पिल्लं कोणाची? जे जगलं त्याची. मादी वर्षात वयाला येते, सहा-आठ पिल्लं घालते. बारा वर्षांत बारा पिढ्या झाल्या. माणसाला तेवढ्या पिढ्यांना तीनशे वर्षं लागतील."

"कणीस निवडून बियाणं ठेवतो तसं," आप्पा म्हणाले.

"तसंच. फक्त इथं निवड चाललीय हे निवडणाऱ्याला माहीत नव्हतं. राखण्या डुकरं संपवत नव्हता. माणसाला चिकटणारी डुकरं तयार करत होता. माणूस म्हणजे त्यांचा आडोसा. आडोसा हलला, ओरडला, ढकलायला लागला, की ती सुळा चालवतात. हौसाक्काने ढकललं असणार."

मला राग आला. यंत्राला बोललं की मला बोलल्यासारखंच होतं. "आईच्या पोटात ऐकला असेल आवाज," मी म्हणाले.

"मग चौथ्यानेही ऐकला असता ना? एकाच पोटातली आहेत. ते बघ कुठं पळालं." रेवा कोपऱ्यात जाऊन त्या पिल्लाला उचलायला लागली तर ते तिच्या हातातून निसटून परत भिंतीला भिडलं. "नोंदींवरून मोजलं मी. शंभरात चार उरलीत अशी बुजरी. ती आहेत तोवर कळप परत फिरवता येईल. ती संपली की स्वभावच संपला, मग कुठून आणणार?"

आणि मग तिने ते म्हटलं. "आप्पा, तुम्हीही निवडतच होता. अंगावर येईल ते मारायचं, पाठ दाखवेल ते सोडायचं. तुम्ही, तुमचा बाप, त्याचा बाप. माणसाला भिणारी डुकरं या डोंगरात आपोआप नव्हती आली."

आप्पा हातातली बाटली खाली ठेवायची विसरले.

"तुझ्या बापाला खाल्लं त्या नियमाने," मी म्हणाले. माझा आवाज मला ओळखू येईना. "तुझ्या बापाला. आणि तू त्याचं कौतुक सांगतीस मला?"

"हो आई. बाबा त्या नियमाने गेले. आणि हेही खरं आहे. दोन्ही खरं आहे, मी काय करू?"

मी गोठ्यातून बाहेर पडले.

त्याच दिवशी संस्थेची बैठक होती. भुईमूग काढायला आला होता आणि बायका शेतात जायला तयार नव्हत्या. दौलतरावांनी तोड काढली: तीस मीटरचे पाच करा. हल्ली नेम चांगला बसतो, पाच पुरे. आणि बायकांनी एकटं-दुकटं न जाता पैऱ्याने जायचं, वीसेक जणी मिळून, एकेकीचं शेत उरकत.

रेवा उभी राहिली. "पाच केलेत तर पाचाच्या आत घुसणारी जगतील. अजून वाईट निघतील. आणि वीस बायका एका जागी म्हणजे त्यांना अजून मोठा आडोसा. थोडे दिवस यंत्रं बंद ठेवा. माणसांनी उभं राहून जे अंगावर येईल ते मारू, पळेल ते सोडू."

"पारध परत आणायची म्हण की," कोणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. विधवा मी, चावी माझ्याकडे.

"पाच करते," मी म्हणाले.

आकडा बदलायला अर्धं मिनिट लागतं. चौथ्या राखण्यावर तो बदलताना मी दोनदा विचार केला नाही. करायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौथ्याच्या समोरच्या तुकड्यात पैरा लागला. एकोणीस बायका आणि रेवा. भीतीने एकमेकींना खेटून वेल उपटत होत्या, गप्पा नाहीत, हसणं नाही. आप्पा कोणी न बोलावता बांधावर येऊन बसले होते, मांडीवर जुनी बरची. पुरुषभर उंचीची काठी आणि पुढं वीतभर पातं. गंजलेलं घासून आणलं होतं. मी मचाणावर, राखण्याच्या पडद्यासमोर. कोयता शिडीला अडकवलेला.

नऊच्या सुमाराला डुकरं उसातून बाहेर आली. चौदा. ती भुईमुगाच्या कडेला उकरत होती, बायकांपासून साठेक मीटरवर, आणि कदाचित उकरून निघूनही गेली असती. राखण्याची मान फिरली. घरघर सुरू झाली.

चौदाच्या चौदा डोकी वर झाली. मग ती पळाली, बायकांच्या दिशेने. मी बारा वर्षं पडद्यावर डुकरं बघतेय, पण असं पळणं मी बघितलं नव्हतं. ती हल्ला करायला येत नव्हती. जीव वाचवायला येत होती.

पहिली गोळी. एक लोळलं. दुसरी, तिसरी. तिसऱ्याचा जबडा उडाला आणि ते तसंच पळत राहिलं. पाचाच्या आकड्याने राखण्याला आता बायकांच्या अगदी जवळपर्यंत मारता येत होतं, आणि जेवढा तो जवळ मारत होता तेवढी उरलेली आत घुसत होती. ती पायांत शिरली. बायका पडल्या. पडलेल्या बाईखाली डुक्कर, डुकरावर बाई. यल्लव्वाच्या नडगीचं हाड मोडल्याचा आवाज मला मचाणावर आला. कोणीतरी खुरपं चालवत होती, ते डुकराला लागत होतं की शेजारणीला, तिलाच ठाऊक नव्हतं. आणि वर राखण्याची मान उजवी-डावी फिरत होती, घरघर थांबत नव्हती, म्हणून ती आणखी घुसत होती.

मग मला रेवा दिसली. पालथी. पाठीवर एक मोठा नर, सुळे बाहेर आलेला, पुढचे पाय तिच्या खांद्यांवर. तिचा डावा हात भलत्याच बाजूला वळलेला. ती रांगत पुढं सरकायचा प्रयत्न करत होती.

पडद्यावर राखण्या माणसाभोवती हिरवी चौकट काढतो आणि डुकराभोवती लाल. रांगणाऱ्या माझ्या पोरीभोवतीची चौकट हिरवी होती. मग लाल झाली. मग परत हिरवी.

चावी उजवीकडे फिरवली की आकडा शून्य होतो, राखण्या सगळी मारतो. डावीकडे फिरवली की तो बंद पडतो. उजवीकडे फिरवली तर त्या नराचं डोकं फुटणार होतं, आणि चौकट त्या क्षणाला लाल असली तर रेवाचं. डावीकडे फिरवली तर पोर डुकराखाली आणि वर कोणीच नाही.

"शालन," आप्पा ओरडले. चौदा वर्षांत त्यांनी मला नावाने हाक मारली नव्हती. "बंद कर ते. मी जातो."

मी डावीकडे फिरवली.

घरघर थांबली. शेतात बायकांचा आवाज एकदम मोठा झाला. आणि डुकरं सैल पडली, गोठ्यातल्या पिल्लांसारखी. पायांतून निघाली, गांगरून उभी राहिली. नर मात्र रेवावरून उतरला नाही. आप्पा तोपर्यंत तिथं पोचले होते, चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, धोतराचा सोगा सुटलेला. त्यांनी नराला पाठीत भोसकलं असतं तर जमलं असतं. ते वळसा घालून समोर गेले. हाकारे देतात तसा "हो, हो" आवाज दिला, आणि नराने तोंड वळवलं तेव्हा बरची रोखून गुडघा टेकला.

तो बरचीवर आला. पातं छातीत गेलं आणि तो काठीवरून तसाच पुढं सरकत आला, आप्पांपर्यंत. सुळा त्यांच्या पोटात खालून वर गेला.

मी मचाणावरून उडी मारली. घोटा मुरगळला, ते नंतर कळलं. कोयता नराच्या मानेत घातला. हाडाला लागून अडकला, उपसला, परत घातला. तिसऱ्या घावाला तो बसला. पाचव्याला संपला असणार, पण मी अजून कितीतरी घातले. प्रत्येक घाव महिपतीसाठी होता, आणि एकही त्याच्यापर्यंत पोचत नव्हता.

मान वर केली तर समोर एक मादी. तरणी, सडपातळ, अंगावर कोणाचं तरी रक्त. माझ्यापासून हातभर. तिने मला पाहिलं, आणि तिच्या अंगातून एक शहारा गेला. ती वळली. माणसं सोडून, बायका सोडून, रानाकडे. बारा वर्षांत मी माणसाला भिऊन पळणारं डुक्कर इतकं जवळून पाहिलं नव्हतं. तिची पाठ माझ्या कोयत्याखाली होती. कोयता वर होता. हात माझाच होता, रक्ताने चिकट, आणि त्याला अजून मारायचं होतं.

मी तिला जाऊ दिलं. ती मोकळ्या पट्टीवरून पळाली, जिथं गेल्या बारा वर्षांत तिच्यासारखी मरत आली होती. चौथा राखण्या मान खाली घालून गप्प होता. ती झाडीत गेली.

आप्पा भुईमुगाच्या वेलांवर आडवे होते. रेवाने एका हाताने आपली ओढणी त्यांच्या पोटात दाबून धरली होती, दुसरा हात लोंबत होता. तिच्या पाठीवर खुरांचे व्रण होते, पण श्वास नीट चालला होता, आणि ती पाराप्पाला ट्रॅक्टर आणायला सांगत होती. मी आप्पांच्या उशाशी बसले.

"काय गेलं रानात?" त्यांनी विचारलं. रेवाला नाही, मला.

"मादी," मी म्हणाले. "पाठ होती, आप्पा. सोडली मी."

त्यांनी डोळे मिटले आणि मान हलवली, पारधीतला हाका नीट झाल्यावर हलवायचे तशी. मग चाचपडत माझ्या मुठीतला कोयता सोडवून बाजूला ठेवला आणि रिकामा हात धरला. ट्रॅक्टर बांधावर येईपर्यंत त्यांची पकड होती.